राजाच्या निधनाची जुनी स्मृतिपदकं: संग्रह कसा सुरू करावा, अस्सल कसं ओळखावं

माझ्याकडचं सगळ्यात स्वस्त पदक इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जच्या निधनाचं आहे, १८२० सालचं. कथलाच्या मिश्रधातूचं, राखाडी पडलेलं, कडेला तीन-चार ठिकाणी ठेचलेलं. राजाच्या डोक्याच्या बरोबर वर कुणीतरी खिळ्याने भोक पाडलंय. भोक पाडताना मागे बाहेर आलेली धातूची धार आता बोटाला लागत नाही, घासून घासून गुळगुळीत झालीय. म्हणजे कुणीतरी ते फितीत ओवून बरेच दिवस अंगावर वागवलं होतं. भोक पडलेलं पदक म्हणजे खराब पदक, या हिशेबाने विकणाऱ्याने ते मला जवळजवळ फुकटात दिलं. मला मात्र ते भोकच हवं होतं.

या छंदातली मुख्य अडचण अशी, की पदकावर कोरलेली तारीख राजाच्या मृत्यूची असते, पदकाच्या जन्माची नव्हे. १७९३ असं लिहिलेलं पदक १७९३ मध्ये घडलेलं असू शकतं, पंचवीस वर्षांनी घडलेलं असू शकतं, किंवा शंभर वर्षांनी त्याच ठशावरून पुन्हा काढलेलं असू शकतं. लोक शोकात असताना घडलेलं कुठलं आणि पुढे संग्राहकांसाठी काढलेलं कुठलं, हे ओळखणं म्हणजेच निम्माअधिक छंद. खाली जे सांगतोय ते बहुतेक सगळं याच एका प्रश्नाभोवती फिरतं.

पहिली पायरी: हद्द आखून घ्या

"राजांची मृत्युपदकं" हा विषय एका माणसाच्या आवाक्यातला नाही. सोळाव्या शतकापासून युरोपातल्या जवळपास प्रत्येक दरबाराने अशी पदकं काढली. सुरुवातीला हद्द आखली नाही तर वर्षभरात तुमच्याकडे वीस पदकं असतील आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसेल. माझं पहिलं वर्ष असंच गेलं.

मला सर्वांत फलदायी वाटते ती पद्धत म्हणजे एकच मृत्यू घ्यायचा आणि त्याची जमतील तेवढी पदकं गोळा करायची. इंग्लंडची राणी दुसरी मेरी देवी (स्मॉलपॉक्स) या रोगाने १६९४ च्या डिसेंबरात गेली. तिचा नवरा विल्यम मूळचा डच, त्यामुळे डच पदककारांनी तिच्यावर पदकांचा अक्षरशः पाऊस पाडला. एकाच मृत्यूकडे लंडनने कसं पाहिलं आणि हॉलंडने कसं, हे पदकं शेजारी शेजारी ठेवली की दिसतं. सोळाव्या लुईचंही तसंच. २१ जानेवारी १७९३ ला पॅरिसमध्ये त्याचा शिरच्छेद झाला, पण त्यावरची गाजलेली पदकं बाहेरच्यांची आहेत. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टाकसाळीत मॅथ्यू बोल्टनने ती काढली, ठसे कोरले कॉनराड हाइनरिख क्यूखलरने. बर्लिनचा पदककार लोस याने आपली वेगळी काढली. मारी आंत्वानेतच्या मृत्यूवरच्या लोसच्या पदकावर हातात मशाल घेतलेली सूडदेवता आहे आणि लॅटिनमध्ये लिहिलंय, "दुसरा बळीही आला". तिथे दुःखापेक्षा प्रचार जास्त आहे, आणि म्हणूनच ते जमवण्यासारखं आहे.

खिसा हलका असेल तर जर्मनीचं १८८८ साल घ्या. ९ मार्चला पहिला विल्हेल्म गेला, गादीवर आलेला तिसरा फ्रीडरिश घशाच्या कॅन्सरने ९९ दिवसांत, १५ जूनला गेला. एका वर्षात तीन सम्राट. दोघांच्या निधनाची पदकं इतकी निघाली की आजही सहज मिळतात. फ्रीडरिशच्या काही पदकांवर त्याचं म्हणून सांगितलं जाणारं वाक्य सापडतं, "तक्रार न करता सोसायला शिक". १९०१ च्या व्हिक्टोरियाच्या पदकांचंही तेच: यंत्रयुगातली, ढिगाने काढलेली, शिकायला उत्तम.

नाणी घ्यायची की नाहीत, हेही आताच ठरवा. जर्मन संस्थानांनी राजाच्या मृत्यूवर थेट चलनी नाणी काढली, त्यांना मृत्यु-थालर म्हणतात. ही प्रथा विसाव्या शतकापर्यंत टिकली. सॅक्सनीने १९०२ मध्ये राजा अल्बर्टच्या आणि १९०४ मध्ये राजा गेऑर्गच्या निधनावर २ आणि ५ मार्कची नाणी काढली. डेन्मार्कने १९०६ आणि १९१२ मध्ये २ क्रोनरच्या नाण्यावर एका बाजूला गेलेला राजा आणि दुसऱ्या बाजूला नवा राजा दाखवला. ज्याने सरकारदरबारी व्यवहार होऊ शकतो ते नाणं, बाकी पदक. मी नाणी घेत नाही. त्यांचा बाजार वेगळा, भाव वेगळे, स्पर्धा वेगळी.

दुसरी पायरी: पदक वाचायला शिका

लॅटिनला घाबरण्याचं कारण नाही. मृत्युपदकांवर तेच आठ-दहा शब्द फिरून फिरून येतात. "ओबीट" म्हणजे मरण पावला, बऱ्याचदा नुसतं "ओबी." कोरलेलं असतं. "नाट." म्हणजे जन्म, "एट." म्हणजे वय. इंग्रजी यू च्या जागी व्ही कोरलेला असतो, त्यामुळे जॉर्जियसचं स्पेलिंग पहिल्यांदा चुकल्यासारखं वाटतं.

वयाच्या बाबतीत एक खाचखळगा आहे. तिसरा जॉर्ज जून १७३८ चा आणि गेला २९ जानेवारी १८२० ला, म्हणजे पुरी ८१ वर्षं. पण त्या काळच्या रिवाजाप्रमाणे "वयाच्या ८२व्या वर्षी, राज्याच्या ६०व्या वर्षी" असं लिहायचे. चालू वर्ष मोजायचे, पूर्ण झालेलं नव्हे. पदकावरचं वय एकाने जास्त दिसलं म्हणून ते नकली ठरवू नका.

याहून मोठा गोंधळ तारखांचा. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत सरकारी नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. पहिल्या चार्ल्सचं डोकं उडवलं ते आपल्या हिशेबाने ३० जानेवारी १६४९ ला, पण त्यांच्या हिशेबाने ते साल अजून १६४८ च होतं, आणि त्याच्या पदकांवर तसंच सापडतं. मेरीच्या पदकांवर तर दोन वेगळी सालं दिसू शकतात. इंग्लंडमध्ये ती २८ डिसेंबर १६९४ ला गेली. हॉलंडने नवी दिनदर्शिका कधीच स्वीकारली होती, तिथे त्या दिवशी ७ जानेवारी १६९५ होती. दोन्ही तारखा बरोबर. स्वीडनचा गुस्ताफ आडोल्फ ल्युट्झनच्या लढाईत पडला, त्याचंही तेच: जुन्या पद्धतीने ६ नोव्हेंबर १६३२, नव्याने १६ नोव्हेंबर. असं काही दिसलं की आधी दिनदर्शिका तपासा, मग विक्रेत्यावर संशय घ्या.

जर्मन पदकांवर कधीकधी साल दिसतच नाही. मजकुरातली काही अक्षरं मात्र उगाच मोठी काढलेली असतात. ती अक्षरं रोमन आकडे समजून त्यांची बेरीज केली की साल निघतं. याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण पदकावरचं नाही, पण युक्ती हीच. पहिल्या एलिझाबेथच्या मृत्यूवर रचलेलं इंग्रजी वाक्य आहे, "माय डे क्लोज्ड इज इन इम्मॉर्टॅलिटी". प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर घ्या: एम, डी, सी आणि तीन आय. म्हणजे १००० अधिक ५०० अधिक १०० अधिक ३, बरोबर १६०३.

चित्रांची भाषा सोपी आहे. उलटी धरलेली मशाल, कलश, स्वतःची शेपटी गिळणारा साप, मावळता सूर्य, ढगांतून खाली आलेला मुकुट, थडग्याला टेकून रडणारी स्त्री. पीटर द ग्रेटच्या १७२५ च्या मृत्युपदकावर सम्राटाला वर उचलून नेणारी अनंतत्वाची देवता आहे आणि खाली समुद्रकाठी बसलेल्या रशियाला तो सांगतोय, "पाहा, तुला मी कशी करून सोडली आहे". राजा मेल्यावरही बढाई सुटत नाही.

शेवटी खांद्याच्या कापलेल्या कडेखाली किंवा मागच्या दृश्याच्या पायथ्याशी बारीक अक्षरं शोधा. ती पदककाराची सही. क्यूखलर कधीकधी "सी. एच. के." एवढंच कोरायचा, लोस बहुधा आपलं पूर्ण आडनाव. सही सापडली की पदकाचा पत्ता निम्मा लागला. उरलेला निम्मा संदर्भसूचीतून लागतो. (पुढची नावं अशा छापील सूचींची आहेत.) ब्रिटिश पदकांसाठी १७६० पर्यंत "एमआय" क्रमांक आणि १७६० नंतर "बीएचएम" क्रमांक चालतात, शिवाय दोन्ही काळांसाठी "आयमर" क्रमांक असतो. लिलावाच्या वर्णनात हे आकडे नसतील तर विकणाऱ्याने पदक ओळखलेलंच नाही असं धरून चाला. ते कधीकधी तुमच्या फायद्याचंही असतं.

तिसरी पायरी: धातू ओळखा

एकच पदक सोनं, चांदी, तांबं किंवा कांस्य आणि कथिलमिश्र पांढरा धातू अशा वेगवेगळ्या धातूंत निघायचं. दरबारी लोकांना चांदी-सोनं, गर्दीला पांढरा धातू. चांदी म्हणून पांढरा धातू गळ्यात मारणं, किंवा पांढऱ्या धातूवर चांदीचा मुलामा देणं, ही सगळ्यात जुनी लबाडी.

यावर घरच्या घरी करता येणारी एक परीक्षा आहे. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या. पदकाचं वजन करा, समजा ४८.६ ग्रॅम भरलं. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. पदक बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकवा, पण पेल्याच्या तळाला किंवा काठाला लागू देऊ नका. काटा आता जे दाखवेल ते पदकाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. समजा ४.७ आलं. ४८.६ ला ४.७ ने भागा: १०.३ च्या आसपास. म्हणजे चांगली चांदी. त्याच वजनाचं पदक तांब्याचं असतं तर काट्याने ५.५ च्या जवळपास दाखवलं असतं, कथलाचं असतं तर ६.६ च्या पुढे. शुद्ध चांदी १०.५, तांबं ८.९, कथील ७.३, शिसं ११.३, सोनं १९.३, हे आकडे पाठ करून ठेवा. मोठा बुडबुडा चिकटला असेल तर हिशेब चुकतो, म्हणून पदक पाण्यात एकदा हलवून घ्या. नंतर मऊ कापडाने टिपा, घासू नका. गंज सुटत असलेल्या, पोकळ किंवा शिशाच्या पदकावर हा प्रयोग करू नका.

लोहचुंबकही जवळ ठेवा. वरच्यापैकी एकही धातू त्याला चिकटत नाही. चिकटलं तर विषय तिथेच संपला.

चौथी पायरी: हे नक्की कधी घडलं?

इथे घाई करू नका. दहापट दाखवणारं भिंग घ्या, एका बाजूने येणारा उजेड घ्या, आणि पदक बोटांत कडेने धरून सावकाश फिरवा.

आधी ओतीव की ठसा मारलेलं, हे पाहा. ठशाखाली दाबलेल्या पदकाचं मोकळं मैदान, म्हणजे चित्र आणि अक्षरांमधली रिकामी जागा, घट्ट आणि गुळगुळीत असतं, अक्षरांच्या कडा मैदानातून सरळ उभ्या राहतात. ओतीव पदकावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, अक्षरं साबणाच्या वडीवरच्या नावासारखी बोथट होतात, आणि कडेवर कानशीने घासल्याच्या रेघा सापडतात. अस्सल पदकावरून साचा घेऊन ओतलं तर धातू थंड होताना आकसतो. प्रत मूळ पदकापेक्षा १ ते २ टक्के लहान भरते, म्हणजे ५० मिलिमीटरच्या पदकात अर्धा ते एक मिलिमीटर. म्हणून व्हर्नियर कॅलिपर हवाच. ब्रिटिश म्युझियमचा संग्रह इंटरनेटवर खुला आहे, तिथे त्याच पदकाचा व्यास आणि वजन बहुतेक वेळा दिलेलं असतं. ताडून पाहा.

मात्र ओतीव म्हणजे नकली, असं समीकरण मांडू नका. सोळाव्या-सतराव्या शतकात पुष्कळ अस्सल पदकं ओतूनच घडवत आणि मग छिन्नीने हातकाम करत. चार्ल्सच्या मृत्यूनंतर त्याच्या निष्ठावंतांनी जवळ बाळगलेले चांदीचे अंडाकृती बिल्ले असेच घडवलेले. केस, दाढी, जाळीदार कॉलर, यांवर हाताने मारलेल्या रेघा टोकदार आणि ताज्या दिसल्या पाहिजेत. त्या रेघाही विरघळल्यासारख्या दिसत असतील तर ती ओतीववरून पुन्हा केलेली ओतीव.

आता ठसा मारलेल्या पदकांकडे. एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: ठशावरचा खड्डा पदकावर उंचवटा होतो. ठसा वर्षानुवर्षं कपाटात पडून गंजला की त्याला बारीक खड्डे पडतात, आणि पुढे त्यातून काढलेल्या पदकाच्या मैदानावर पुरळ उठल्यासारखे ठिपके दिसतात. ठशाला तडा गेला असेल तर पदकावर केसासारखी उंचावलेली रेघ येते, बहुधा कडेपासून अक्षरांपर्यंत. म्हणजे खड्डे दिसले तर ओतीवचा संशय, ठिपक्यांचे उंचवटे दिसले तर उशिरा केलेल्या पुनर्मुद्रणाचा. बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

फ्रेंच पदकांच्या बाबतीत काम आणखी सोपं आहे, कारण पॅरिसच्या टाकसाळीने स्वतःच कबुलीजबाब लिहून ठेवलाय. १८३२ पासून ती पदकाच्या कडेवर छोटी खूण मारते. आधी प्राचीन दिवा, १८४१ ला सी अक्षराशी गुंफलेला जहाजाचा नांगर, १८४२ पासून गलबताचं नाक, १८४५ पासून बोट दाखवणारा हात, १८६० पासून मधमाशी, आणि १८८० पासून आजपर्यंत फळाफुलांनी भरलेलं शिंग. शेजारी धातूचं नावही असतं. पदकावर तारीख कुठलीही असो, कडेवर शिंग असेल तर ते १८८० नंतरचं.

हे मी फुकट शिकलो नाही. फ्रान्सच्या बूर्बाँ घराण्यातल्या एका राजाच्या निधनाचं कांस्यपदक ऑनलाइन लिलावात घेतलं. फोटो दोन, पुढचा आणि मागचा, दोन्ही सुरेख. वर्णनात "समकालीन". पार्सल उघडलं, पदक कडेवर उभं केलं, आणि बरोबर खाली ते चिमुकलं शिंग. विक्रेत्याचं म्हणणं, कडेचा फोटो तुम्ही मागितलाच नव्हता. खरंच नव्हता मागितला. ते पदक अजून माझ्याकडे आहे, नवशिक्यांना दाखवायला. आणि एक लक्षात ठेवा: कडेवर खूण नसणं हा जुनेपणाचा पुरावा नाही, कारण खूण घासून काढता येते. घासलेल्या जागी कड थोडी सपाट आणि जास्त चकचकीत दिसते.

रशियन पदकांत हाच प्रकार सरकारी पातळीवर झाला. सेंट पीटर्सबर्गच्या टाकसाळीने जुन्या पदकांचे ठसे नव्याने कोरून पुन्हा पदकं काढली. तिकडे त्यांना "नोवोदेल" म्हणतात, नवं केलेलं. ती नकली नाहीत, टाकसाळीचीच आहेत, पण पीटरच्या अंत्ययात्रेत वाटलेली ती ही नव्हेत. भाव त्या हिशेबानेच द्यायचा.

कधीकधी अगदी अस्सल, पहिल्या ठशाचं पदकही समकालीन नसतं. चार्ल्सचं फार गाजलेलं पदक रोटियर्स या पदककाराचं आहे: मागे मेंढपाळाविना चरणाऱ्या मेंढ्या, वर ढगातून मुकुट धरलेला हात. पण रोटियर्स लंडनला आला तो राजेशाही परतल्यावर, १६६० नंतर. म्हणजे हे पदक शोकाचं नाही, मुलगा गादीवर बसल्यानंतर केलेल्या गौरवाचं आहे. मला ते आवडतं, पण संग्रहात मी ते वेगळ्या खणात ठेवतो.

विजेच्या प्रक्रियेने तांबं चढवून केलेल्या प्रतींना इलेक्ट्रोटाइप म्हणतात. बारकावे इतके हुबेहूब की समोरून पाहून भलेभले फसतात. पुढची-मागची पातळ पापुद्र्यासारखी पानं वेगळी करून मध्ये शिसं भरून जोडतात, म्हणून कडेवर मधोमध जोडाची रेघ शोधा. बोटावर तोलून हलकेच टिचकी मारली तर अस्सल पदक वाजतं, हे "थप्प" करतं. ब्रिटिश म्युझियमसाठी रेडी कुटुंबाने केलेल्या बऱ्याच प्रतींच्या कडेवर "आर. आर." अशी खूण असते. हा प्रामाणिक माल आहे, आणि ज्याचं अस्सल पदक कधीच परवडणार नाही त्याची अशी प्रत ठेवायला मला लाज वाटत नाही.

पाचवी पायरी: खरेदी

वरच्या गोष्टीनंतर पहिला नियम सांगायला नकोच: कडेचे फोटो मागा, चारही बाजूंनी. शिवाय वजन, व्यास आणि पुढच्या बाजूच्या तुलनेत मागची बाजू सरळ आहे की उलटी ते विचारा. जो विक्रेता वजन सांगायला टाळाटाळ करतो त्याच्याकडे पदक नसतं किंवा शंका असते.

लिलावात पुकारलेली बोली ही शेवटची किंमत नव्हे. त्यावर लिलावगृहाचं कमिशन, त्या कमिशनवरचा कर, टपाल, विमा आणि परदेशातून येत असेल तर सीमाशुल्क. बोली लावायच्या आधी हे सगळं कागदावर मांडून उलटा हिशेब करा आणि आलेल्या आकड्याच्या पुढे जाऊ नका. रात्री उशिरा बोली लावू नका, हाही माझा एक खासगी नियम.

ब्रिटिश विक्रीत दर्जाची अक्षरं साधारण अशी, वरून खाली: एफडीसी म्हणजे टाकसाळीतून आलं तसं, मग ईएफ, मग व्हीएफ, मग एफ. पण पांढऱ्या धातूला हे मोजमाप जसंच्या तसं लावू नका. तो इतका मऊ असतो की दोनशे वर्षांत एकही ओरखडा न पडलेलं पदक दिसलं तर मला उलट शंका येते. कडेची ठेच पुढच्या चेहऱ्यापर्यंत आली नसेल तर मी ती सोडून देतो. चेहऱ्याच्या नाकावर घासलेलं असेल तर सोडत नाही.

मूळ डबी मिळाली तर जास्त द्यायला हरकत नाही, पण पदक त्या खाचेत नीट बसतं का ते पाहा. सैल बसत असेल तर डबी दुसऱ्याची आहे. बोल्टनची पदकं तांब्याच्या दोन पातळ वाटीसारख्या कवचांत घालून विकत. ती कवचं टिकली असतील तर आतल्या पदकाचा तपकिरी रंग बहुधा पहिल्या दिवसासारखा असतो.

सहावी पायरी: जपणूक

त्या तपकिरी रंगाला हात लावू नका. तो मळ नाही. टाकसाळीनेच तांब्यावर मुद्दाम चढवलेला लेप आहे. पितळ घासायच्या पावडरीने दोन मिनिटांत तो जातो आणि खालून गुलाबी तांबं निघतं, मग ते पदक कुणीच घेत नाही. चांदीवर आलेली निळसर-करडी झाकही तशीच राहू द्या. धूळ असेल तर मऊ ब्रश, चिकट असेल तर ऊर्ध्वपातित पाणी, आणि जुन्या प्लास्टिकच्या पाकिटाचा हिरवट चिकटा असेल तर थोडं अ‍ॅसिटोन, खिडकी उघडी ठेवून, आगीपासून दूर. लाखेचा किंवा रंगाचा थर असलेल्या पदकाला अ‍ॅसिटोन लावायचं नाही.

कांस्यावर फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी दिसली तर ते पदक ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळं करा. आत शिरलेले क्लोराइड क्षार दमटपणात धातू पोखरत राहतात. सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डबीत आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली ठेवली की प्रकार थांबतो, बाकीचं तज्ज्ञाकडे. घट्ट, चमकदार, गडद हिरवा थर मात्र निरुपद्रवी असतो.

शिशाच्या पदकांचा शत्रू लाकूड आहे, विशेषतः ओक. त्यातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी पूड धरते. कपाट करायचंच तर महोगनीचं, नाहीतर पत्र्याचं. पाकिटं पीव्हीसीची नकोत, पॉलिएस्टरची घ्या. पांढऱ्या धातूची पदकं कडाक्याच्या थंडीत उघडी ठेवू नका: शुद्ध कथील १३ अंश सेल्सिअसच्या खाली हळूहळू भुकटी होऊ शकतं. मिश्रधातूत हे क्वचितच घडतं, पण त्यासाठी पैज लावण्यात अर्थ नाही.

सातवी पायरी: नोंदवही

प्रत्येक पदकाला एक क्रमांक, आणि क्रमांकापुढे व्यास, वजन, धातू, सही, संदर्भक्रमांक, कुठून आणि कधी घेतलं, किती दिले. "घडल्याचा काळ" असा वेगळा रकाना मी ठेवतो, मृत्यूच्या तारखेपासून स्वतंत्र. त्यात तीनच उत्तरं चालतात: समकालीन, नंतरचं, अनिश्चित. तिसऱ्या उत्तराची संख्या जास्त आहे आणि त्यात कमीपणा नाही.

जुन्या संग्राहकांच्या चिठ्ठ्या कधीच फेकू नका. पदकाच्या खाली ठेवायला कापलेला गोल कागद, त्यावर फिकट झालेल्या शाईत खरेदीची तारीख आणि दोन ओळी. मेरीच्या एका चांदीच्या पदकाबरोबर मला अशी चिठ्ठी मिळाली. त्यावर संदर्भक्रमांक लिहिलाय, तो चुकीचा म्हणून खोडलाय, दुसरा लिहिलाय, आणि त्याच्यापुढेही प्रश्नचिन्ह आहे. मी भिंगाखाली अक्षरं मोजली, व्यास घेतला, मागच्या बाजूचा कलश ताडून पाहिला. दुसराच क्रमांक बरोबर होता. पेन्सिलीने त्या प्रश्नचिन्हाशेजारी बारीक बरोबरची खूण केली आणि चिठ्ठी परत पदकाखाली ठेवली.